विरोधातला हात

आमच्या कंपनीच्या गेटवर एके काळी विरोधात हात वर करणाऱ्याला चहा मिळायचा. हे आता नव्या मुलींना सांगितलं तर त्या एकमेकींकडे बघून हसतात. बाईला युनियननं काढलंय, बाई काहीही बोलणार, असं त्यांना वाटतं. पण मिळायचा. आणि खुद्द युनियनचा अध्यक्ष तो कप आपल्या हातानं द्यायचा.

सभा गेटबाहेरच भरायची, पहिली शिफ्ट सुटून दुसरी आत जाते त्या वेळेला. एक टेम्पो आडवा लावायचा, त्याच्या हौद्यात माईक, आणि माईकमागे तो. त्याला सगळे साथी म्हणायचो. कुणी चुकून साहेब म्हणालं तर तो चिडायचा. "साहेब आत एसीत बसलाय," म्हणायचा. कुठलाही ठराव मांडला की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "विरोधात कोण?" बाजूनं कोण, हे तो नंतर विचारायचा. एकही हात आला नाही तर पुढं जायचाच नाही, उन्हात उभा राहून वाट बघायचा. "एवढी माणसं आणि सगळ्यांचं मत एक? मग मी मेंढरांपुढं बोलतोय का?" शेवटी कुणीतरी ओशाळून हात वर करायचं. त्याला हाताला धरून टेम्पोत चढवायचं, माईक द्यायचा, मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घ्यायचं, आणि मग टपरीवरून आलेला पहिला कप त्याच्या हातात ठेवायचा, अशी ती रीत होती. आजूबाजूच्या कंपन्यांतली माणसं ही गंमत बघायला यायची. मीही एकदा कॅन्टीनच्या ठरावाला विरोध करून तो चहा प्यायले आहे.

गाडीच्या आत पत्र्यामागे वायरींचं जे जाळं असतं, ते आमच्याकडे तयार होतं. बोर्डावर वायरी मांडायच्या, टेपनं गुंडाळायच्या आणि पुढच्या बाईकडे सरकवायच्या. हे काम बायकांचं, कारण बायकांची बोटं बारीक, असं कंपनी म्हणते. बायकांचा पगार बारीक, हे ती म्हणत नाही. माझा नवरा त्याच कंपनीत स्टोअरला. तो इथला, कुरुळीचाच. मी लग्न होऊन नगर जिल्ह्यातून आले, बी.ए. झालेली, आणि दोन्ही घरांत मिळून सगळ्यांत जास्त बोलणारी. सासूबाई म्हणायच्या, हिला कंपनीत धाडा, तिथं मशिनींचा आवाज असतो, हिचा कुणाला ऐकू यायचा नाही.

साथीनं आम्हाला काय दिलं ते आधी सांगते. ते लपवलं तर मी खोटी ठरेन, आणि खोटं बोलणारी माणसं तिथं आधीच भरपूर आहेत. तो येण्याआधी बायकांना संडासला जायचं तर लाइन लीडरकडून टोकन घ्यावं लागायचं. टोकनं संपली की बसा दाबून. साथीनं पहिल्याच बैठकीत ती सगळी टोकनं व्यवस्थापकाच्या टेबलावर ओतली आणि म्हणाला, "आता आठवडाभर तुम्ही यावर जाऊन दाखवा." टोकनं बंद झाली. कॅन्टीनचा भात माणसांनी खाण्यासारखा झाला. माझा नवरा कंत्राटात कुजत होता, तो परमनंट झाला. त्या दिवशी त्यानं गुलालानं भरलेलं डोकं धुतलंच नाही, तसाच जेवायला बसला. मीही नाचले होते.

म्हणून नंतरच्या भांडणात मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागलं ते हेच, की तू खाल्ल्या मिठाला जागली नाहीस.

कमिटीची निवडणूक ठरलेल्या मुदतीनं व्हायची. एकदा ती पुढं ढकलली, कारण कंपनीशी पगाराचा करार तोंडावर आला होता. दुसऱ्यांदा ढकलली ती करार चालू होता म्हणून, आणि मग करार झाला म्हणून, कारण झालेला करार राबवायचा होता. त्यानंतर पुढच्या कराराची तयारी सुरू झाली. आमचा साथी कायम लढाईत होता आणि लढाईत सेनापती बदलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मधल्या काळात चौकाचौकांत त्याचे फ्लेक्स लागले. पोरांना दप्तरं, बायकांना अष्टविनायकाची सहल, म्हाताऱ्यांना डोळ्यांचं शिबिर, सगळं त्याच्या फोटोसकट. कष्टकऱ्यांचं राज्य आणायची भाषा तशीच होती, पण आता तो बोलायला उभा राहिला की दोन पोरं त्याच्यावर छत्री धरायची. कधीतरी कुणीतरी त्याला साहेब म्हणालं आणि तो चिडला नाही.

कंपनीच्या बसमध्ये आमचे वाद व्हायचे. माझ्या शेजारच्या बोर्डावरची बाई लातूरकडची, जिवाला जीव देणारी. ती म्हणायची, "अक्का, आपल्याला निवडणूक घेऊन काय करायचंय? माणूस काम करालाय की." मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणायचं, पाच जणांनी पाच दिशेला ओढलं असतं तर आज कंत्राटातच असतो, एकाच्या हातात आहे म्हणून कंपनी घाबरते. हा मुद्दा खोटा नव्हता. दुबळ्यांना एक घट्ट मूठ लागते, हे मलाही पटायचं. माझं म्हणणं एवढंच होतं, की मूठ आपली आहे तर ती उघडायचं कधी हेही आपण ठरवायला पाहिजे.

घरी नवरा जास्त सरळ बोलायचा.

"लोकशाही काय भाकरीला लावून खायची व्हय?"

"भाकरी मागायला तोंड उघडावं लागतं. तेच बंद झालं तर?"

"बंद कुठं हाय? तू बोलतीयास की मघापासनं."

"घरात बोलतेय."

"मग बोल की घरात. कुणी अडवलंय?" असं म्हणून तो ताट सरकवायचा.

मग मामांचं झालं. मामा म्हणजे मेंटेनन्समधले जुने फिटर. साथीला आमच्या गेटवर आणणारे तेच. आधी कामगारांच्या घरी फिरून, सभासद जमवून, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून त्यांनी युनियन उभी केली होती. एका सभेत त्यांनी विरोधात हात वर केला आणि निवडणूक कधी घेणार, एवढंच विचारलं. त्यांना टेम्पोत कुणी चढवलं नाही. खालीच उभे राहून बोलले. दोन पोरं त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती. साथी हसून माईकवर म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झाला की काढून ठेवावा लागतो." सगळी सभा खदखदून हसली. माझा नवराही हसला. त्याला परमनंट करण्याची पहिली मागणी मामांनीच मांडली होती. संध्याकाळपर्यंत युनियनच्या ग्रुपवर मामांचा फोटो फिरत होता, वर लिहिलं होतं, कंपनीचा माणूस. ज्या माणसाला कंपनीनं तीनदा निलंबित केलं, तो कंपनीचा माणूस. मामांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गावाला निघून गेले. जाताना त्यांना निरोप द्यायला लाइनवरून कुणी उठलं नाही. मी उठले, तर लातूरच्या बाईनं माझा पदर धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "अक्का, कॅमेरे हायत."

त्यानंतर "विरोधात कोण?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर गेला. मग तो घाईघाईत विचारला जाऊ लागला. आणि मग नाहीच.

आता भंडाऱ्याचं सांगते. आमच्या खेड-मावळकडे ज्याला बेल-भंडारा उचलणं म्हणतात, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ताटात खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, त्यावर बेलाचं पान. ते उचलून शब्द दिला की तो मोडायचा नाही. मोडला तर घरादारावर येतं. गावकीच्या निवडणुकीत पॅनेलची माणसं फुटू नयेत म्हणून हे सर्रास चालतं. कायद्याला जे जमत नाही ते चिमूटभर हळदीला जमतं. आता साथी हा जन्माचा समाजवादी. गेटवर दसऱ्याची पूजासुद्धा त्यानं होऊ दिली नव्हती. "देव घरी ठेवा, इथं सगळ्या जातीधर्माचा घाम आहे," असं तो म्हणायचा आणि मला ते फार आवडायचं. तर त्याच माणसानं कराराच्या आधी निमगावच्या खंडोबाचा भंडारा मागवला. टेम्पोत चौरंग, चौरंगावर ताट. एकेकानं वर चढायचं, भंडारा उचलायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, साथी सांगेल तो शब्द, साथी सांगेल ती दिशा.

बायकाही रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांना छत्रीवाल्या पोरांनी बाजूला घेतलं. बायकांनी उचलायची गरज नाही, घरधन्यानं उचलला म्हणजे घराचा झाला. ज्यांचा घरधनी कंपनीत नाही त्यांचं काय, असं मी विचारलं. संडासाच्या टोकनसाठी टेबलापुढं उभा राहिलेला माणूस वर उभा राहून हे बघत होता. मला त्या दिवशी अपमान वाटला. पुढं कळलं की माझ्यावर उपकारच झाले होते.

नवरा घरी आला तो कपाळ पिवळं करून. मी विचारलं, "किती दिवसांसाठी उचललात?"

"म्हंजी?"

"करार होईपर्यंत, का वर्षभर, का कसं? गावात उचलतात तो निवडणुकीपुरता असतो. निकाल लागला की सुटतो."

तो विचारात पडला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. गावातल्या सवयीनं सगळ्यांनी हात घातला होता, की काम झालं की शब्द फिटला. पण इथं काम कुठलं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"शपथेला कधीपत्तर असतं व्हय?" तो शेवटी म्हणाला आणि कपाळ न पुसता झोपला.

करार झाला. चांगला झाला, हेही सांगते. आणि कराराच्या आनंदातच ठराव आला, की साथी तहहयात अध्यक्ष. युनियनच्या घटनेत तसा बदल करायचा. सभेला गुलाल होता, ढोल होते. ठराव वाचून झाला आणि "मंजूर?" असं विचारल्यावर सगळे हात वर गेले. ते खाली आले तेव्हा मी माझा वर केला. कुणी विचारलं नव्हतं, तरी केला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ढोलवाला थांबला.

मला वर बोलावलं. माईक दिला. मी म्हणाले, "साथी, निवडणूक घ्या. तुम्हीच निवडून याल. माझं मतही तुम्हालाच. पण घ्या. तुम्हीच आम्हाला शिकवलंय की एकमत फक्त मेंढरांचं असतं."

मी आजही तेच म्हणेन. मला तो जायला नको होता. मला तो परत हवा होता, उन्हात उभा राहून विरोधातल्या हाताची वाट बघणारा.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून माईक घेतला आणि गर्दीत बघत म्हणाला, "ताईंचं बोलणं चांगलं आहे. ताईंच्या घरचं काय म्हणणं आहे, तेही विचारू." गर्दीनं माझ्या नवऱ्याकडे वाट करून दिली. तो खाली मान घालून उभा होता. साथी म्हणाला, "आज नको. घरी बोला. पुढच्या सभेत सांगा." एवढ्या गोड आवाजात, की बघणाऱ्याला वाटावं केवढा समजूतदार माणूस.

पुढच्या सभेपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. ग्रुपवर मामांच्या जागी माझा फोटो आला. गौरीच्या हळदीकुंकवाचा, युनियनच्याच कार्यक्रमातला. लातूरची बाई बोर्डावरून वायर सरकवताना माझ्याकडे न बघता पुटपुटायची, "माफी मागून टाक की गं अक्का. कशाला बोलालीस?" सभेत मला काढण्याचा ठराव येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीशी संगनमत, हे कारण. मला त्या ठरावाची भीती नव्हती, तो मंजूर होणार हे ठरलेलंच होतं. मी फक्त एकच गोष्ट मोजत होते, की माझ्या नवऱ्याचा हात कुठं असेल.

घरी तो फक्त एकदा बोलला. "मी भंडारा उचलला हाय."

"मी तुमच्याशी सप्तपदी चालले आहे."

"ते येगळं."

"तुम्ही त्या दिवशी रजा टाका," मी म्हणाले. "आजारी पडा. माझ्या बाजूनं नका उभे राहू, फक्त तिथं नसा."

तो उठून पाणी भरायला गेला. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. बायका असा अर्थ घेतात, त्याशिवाय संसार होत नाहीत.

सभेच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.

ठराव मांडला गेला. त्या दिवशी प्रश्न एकच होता, बाजूनं कोण. हात वर गेले, पुढच्या रांगेतले आधी, मग मागचे. लातूरच्या बाईचा गेला, कोपरापर्यंतच, पण गेला. मी एकाच जागी बघत होते. तो स्टोअरच्या माणसांत उभा होता. त्यानं हात वर केला, अर्धा नाही, हळू नाही, पूर्ण केला, आणि वर करून माझ्याकडे न बघता टेम्पोकडे बघत राहिला. साथीनं माईकवरून त्याचं कौतुक केलं. घरापेक्षा संघटना मोठी मानणारा कामगार, असं म्हणाला. टाळ्या पडल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय सांगणार.

पुढच्या महिन्यात मला लाइनवरून काढून तळवड्याच्या गोदामात पाठवलं. तिथं बंद खोक्यांवर चिकटपट्टी लावायची असते. एचआरचा साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, आमचं काही नाही, युनियनकडून निरोप आहे." मला हसूच आलं. ज्या कंपनीशी संगनमत केलं म्हणून मला काढलं, ती कंपनी युनियनच्या निरोपावर माझी बदली करत होती. कंपनीला आता साथी सोयीचा झाला होता. पूर्वी शंभर तोंडांशी बोलावं लागायचं, आता एकाशी बोललं की भागतं. नवरा युनियनच्या विभाग समितीवर गेला. पेढे घेऊन आला. मी डबा आमच्या मुलीपुढं सरकवला.

आम्ही वेगळे झालो नाही. लोकांना वाटलं होतं होऊ. मी स्वयंपाक करत राहिले, तो किराणा आणत राहिला. मी माझ्या मनाची समजूत घातली होती. तो भोळा आहे. गुलालानं माखलेलं डोकं त्यानं अजून धुतलेलं नाही. त्याला खरोखर वाटतं की मी चुकले, साथी बरोबर आहे आणि भंडारा मोडला तर मुलीवर काही येईल. ज्याला मनापासून तसं वाटतं त्याच्यावर रागावता येतं आणि त्याच्यासोबत राहताही येतं. या एका समजुतीवर मी तळवड्याला जात-येत होते.

परवाच्या गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं झाली. मुलगी क्लासला गेली होती. मी मेथी निवडत बसले होते. नवरा पलंगावर पडला होता. मग उठला, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, कडी सरकवली, आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"तुझं बराबर व्हतं," तो अगदी हळू म्हणाला. "मला तवाच कळत व्हतं."

त्याला वाटलं असावं की मला बरं वाटेल. किती दिवस मनात धरून ठेवलेलं देऊन टाकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मग हात का वर केलात?"

"सगळ्यांचंच वर व्हतं."

"आणि भंडारा?"

तो मेथीच्या काड्या गोळा करत राहिला. भंडाऱ्याचं त्याला आता आठवतही नव्हतं, असं मला दिसलं. इतके दिवस मी खंडोबाशी भांडत होते आणि खंडोबा त्यात कुठं नव्हताच. बायको चुकलेली नाही हे माहीत असताना तिच्याविरुद्ध हात वर केलेला एक भ्यालेला माणूस माझ्या घरात जेवत होता.

खोलीत उकडायला लागलं होतं. मी खिडकी उघडायला उठले, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "समोर टपरीवर आपली माणसं बसल्यात."

युनियनमधून काढलं त्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दुपारी रडले.